दयाळ पाळीवर, अडई पाण्यावर; ढोली मात्र एकाच झाडाची

जूनचा पहिला पाऊस पडून गेला, की अहेरी तालुक्यातल्या बहुतेक गावांत दोन पाखरांचे आवाज कानावर आल्याशिवाय राहत नाहीत. पहाटे, अजून चुलीत जाळ व्हायचा असतो, तेव्हा घराच्या आड्यावर किंवा तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या शेंड्यावर एक काळा-पांढरा पक्षी शेपटी उंचावून गात असतो. तो दयाळ. दिवेलागणीला, गुरे गोठ्यात आली की डोक्यावरून शीळ घालत दहा-पंधरा पक्ष्यांचा थवा बोडीकडून धानाच्या बांध्यांकडे निघतो. ती अडई. एक गाणारे पाखरू, दुसरे बदक. दिसण्यात, वागण्यात, खाण्यात कशातच मेळ नाही. तरी या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची वेळ आमच्यावर आली, ती एका शेतकरी काकांमुळे.

गेल्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत आलापल्लीच्या पुढच्या एका गावात तलावाच्या पाळीवर टेकलो होतो. खाली बांध्यांतून बाया पऱ्हे लावत होत्या. काका धुऱ्यावरून वर चढले आणि तंबाखू मळत शेजारी बसले. आमच्या पाठीशी जुना मोह उभा होता. अर्धा वाळलेला, खोडाच्या मधोमध माणसाचे डोके जाईल एवढी ढोली, आणि वरच्या तुटक्या फांदीत दुसरे लहान भोक.

"हे झाड उन्हाळ्यात काढतेत म्हनतेत," काका म्हणाले. "तलावाचं काम येनार हाये. पाळ साफ करतेत."

"मग?"

"मंग का? काढू द्या. याच्यात अडई बसते ना जी. रातभर धान खाते आमचा." थोडे थांबून त्यांनी वर बोट केले. "पर वरच्या भोकात दयाळबी हाये. तो नाई खात धान. आता तुमीच सांगा भाऊ, दोगातला कोन्ता ठेवाचा?"

प्रश्न रोखठोक होता. उत्तर मात्र तिथल्या तिथे देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे. शेतकरी बंधूंना त्याचा उपयोग आहेच. पण तलावाच्या कामांवर सही करणाऱ्या सरपंच, ग्रामसेवक आणि शाखा अभियंता मंडळींनी ते मुद्दाम वाचावे.

आधी ओळख

दयाळ बुलबुलाएवढा. नर झळझळीत काळा, पोट पांढरे आणि पंखावर पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग. वजन म्हणाल तर ३५-४० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्यापेक्षाही कमी. शेजारच्या बांगलादेशाने याच पाखराला आपला राष्ट्रीय पक्षी केले आणि दोन टाक्याच्या नोटेवर छापले. आपल्याकडे तो परसातला, आंगणातला पक्षी. जमिनीवर उतरून किडे टिपतो आणि माणसाला फारसा भीत नाही.

अडई तांबूस-तपकिरी, उंच मानेची, लांब पायांची. नर-मादी सारखेच दिसतात. कोण कोणते ते दुरून सांगता येत नाही. वजन अर्धा किलोच्या आसपास. हिवाळ्यात प्राणहितेच्या वाळूवर चक्रवाक आणि तलवार बदके उत्तरेकडून पाहुणी येतात, तशी ही पाहुणी नाही. ती इथलीच, बारमाही. एक तलाव आटला की भरलेल्या दुसऱ्या तलावावर जाते, एवढेच. बदक असूनही ती झाडाच्या फांदीवर आरामात बसते. नवख्या माणसाला ते पाहून नवल वाटते. इथल्या गुराख्याला वाटत नाही.

नावांबाबत एक सांगायला हवे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत विदर्भाच्या जंगलात राहून पाखरांची आपल्या लोकांतली नावे गोळा केली. नवेगाव बांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे जाणकार त्यांच्या सोबतीला होते. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले, पण त्यांचा 'पक्षिकोश' आहे. तरी अहेरीकडे मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा चार बोली एका बाजारात बोलल्या जातात, आणि एकाच बदकाची चार नावे निघतात. आपल्या गावात या दोघांना काय म्हणतात, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवायला हरकत नाही. ते कुठे लिहायचे, तेही पुढे येईलच.

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातल्या. कोतवाल, सुगरण, चिमणी आणि (हसू नका) कावळासुद्धा त्याच कुळातला; शास्त्रज्ञ गळ्याची रचना पाहून कूळ ठरवतात, सूर ऐकून नाही. बदके, कलहंस, राजहंस मिळून मात्र पावणेदोनशेच्या आसपासच जाती.

शिकलेला सूर आणि जन्माचा सूर

पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा घशातून निघत नाही. श्वासनळी खाली जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे त्याचे आवाजाचे यंत्र असते. गाणाऱ्या कुळात या यंत्राला हलवणारे बारीक स्नायू पुष्कळ असतात, बदकांत मोजकेच. पण खरा फरक यंत्रात नाही, शिकण्यात आहे. दयाळाचे पिल्लू मोठ्या नरांचे ऐकत ऐकत गाणे शिकते, सुरुवातीला चुकते, पुटपुटते आणि मग त्याचे गाणे बसते. म्हणून दोन दयाळांचे गाणे तंतोतंत एक नसते. तो दुसऱ्या पाखरांचे आवाजही उचलतो. फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत हे गाणे जोरात. हिवाळ्यात त्याला विचारणारे कोणी नसते आणि तोही गप्प असतो.

बदकाला असे शिकावे लागत नाही. कोंबडीखाली उबवलेले बदकाचे पिल्लूसुद्धा बदकासारखेच ओरडते. ज्यांच्या घरी बदके आहेत त्यांनी तो तमाशा पाहिलेला असतो. कोंबडीची 'पोरे' सरळ डबक्यात उतरतात, आणि आई काठावर क्लक क्लक करत येरझारा घालते. आवाज बदकाचा, पाण्याची ओढही बदकाची, पण आई कोण हे मात्र त्यांनी डोळे उघडल्यावर जे पहिले हलताना दिसले त्यावरून ठरवलेले. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने कलहंसांवर याचाच अभ्यास केला. १९७३ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

उधारीचा संसार आणि रोखीचा संसार

आता काकांच्या मोहाकडे येऊ. दोन्ही पक्षी एका झाडात राहतात, पण त्यांचा संसार इतका वेगळा, की एकाला जे लागते ते दुसऱ्याच्या कामाचे नाही.

दयाळाची मादी मार्च ते जुलै या काळात ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी टांगलेल्या मडक्यातसुद्धा गवत-काड्यांचा गादीसारखा थर घालून चार-पाच अंडी घालते. ती एकटीच उबवते. बारा-तेरा दिवसांत पिल्ले निघतात. निघतात म्हणजे काय, तर नुसता मांसाचा गोळा. डोळे मिटलेले, अंगावर पिसे नाहीत, मान धरता येत नाही. पुढचे पंधरा दिवस आई-बाप सकाळपासून अंधार पडेपर्यंत अळ्या, नाकतोडे, किडे आणून त्यांच्या चोचीत कोंबतात. अंड्यात भांडवल थोडे घातलेले असते. बाकीचे नंतर रोज हप्त्याने फेडायचे. हा उधारीचा संसार.

अडईचा रोखीचा. जुलै ते सप्टेंबर हा तिचा मुख्य हंगाम. ढोली मिळाली तर ढोलीत, नाही तर घार-कावळ्याच्या जुन्या घरट्यात किंवा पाण्याकाठच्या दाट गवतात ती सात ते बारा अंडी घालते. इतर बहुतेक बदकांत नर अंडी घातल्यावर काढता पाय घेतो. अडईत नर-मादी पाळीपाळीने उबवतात. बावीस-चोवीस दिवस लागतात, म्हणजे दयाळाच्या जवळजवळ दुप्पट. अंडे मोठे, आत बलक भरपूर, आणि पिल्लू तयार होऊनच बाहेर येते. डोळे उघडे, अंगावर दाट लव, पायात बळ. दिवसभर ढोलीत वाळले की खालून आई-बापाची शीळ ऐकू येते आणि ते एकेक करून ढोलीच्या तोंडाशी येऊन खाली उडी टाकते.

वीस फूट उंचीवरून! पंख नाहीत, नुसती लव. पण वजन इतके कमी आणि अंग इतके मऊ, की पालापाचोळ्यावर किंवा पाण्यावर पडून ते चेंडूसारखे उठते आणि चालू लागते. अमेरिकेतली ढोलीत राहणारी बदके पन्नास फुटांवरून अशी उडी मारतात आणि पिल्लांना काही होत नाही. मग सगळी ओळीने पाण्यात. त्यांना कोणी भरवत नाही. आई-बाप फक्त राखण करतात आणि वाट दाखवतात. खायचे ज्याचे त्याने शोधायचे.

यातून दोघांच्या गरजा आपोआप निघतात. दयाळाला ढोलीच्या आसपास झाडी आणि किडे पाहिजेत, कारण पंधरा दिवस अन्न वाहून आणायचे आहे. अडईला ढोलीच्या पायथ्याशी पाणी पाहिजे, आणि तेही उथळ, गवत-पानांनी झाकलेले, कारण तिच्या पिल्लाला पहिल्याच दिवशी तिथे पोट भरायचे आणि शिकाऱ्यापासून लपायचेही आहे. पुढे मोठ्या बदकांनाही ही आडोशाची जागा लागते. पिसे बदलताना लहान पाखरू पंखाची पिसे एकेक करून टाकते आणि उडत राहते. बदके मोठी पिसे एकदम टाकतात, आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही.

म्हणून बोडीतले गवत, कमळ, शिंगाडा, देवधान हा नुसता कचरा समजू नका. त्यात बदकेच नाही, मासोळीही वाढते. ढीवर बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

धानाचे काय?

काकांची तक्रार खोटी नाही. अडई दिवसा तलावावर झोप काढते आणि रात्री चरते. पाण्यातल्या वनस्पती, त्यांच्या बिया, गोगलगाई, किडे हे तिचे खाणे; आणि धान मिळाला तर धान. आवत्या पद्धतीने पेरलेल्या पाणथळ बांधीत कोवळा मोड आला असेल किंवा लोंब्या भरून खाली झुकल्या असतील, तर तलावाला लागून असलेल्या बांध्यांना तिचा त्रास होतो. ज्याची बांधी पाळीच्या खालीच आहे, त्याला शहरातल्या माणसाने पक्षीप्रेम शिकवू नये. रात्री बुजगावण्याचा उपयोग नाही, कारण ते दिसत नाही. पेरल्यावर पहिले आठ-दहा दिवस बांधीतले उभे पाणी काढून ठेवणे, कडेने चकचकीत फिती ताणून बांधणे आणि शेजाऱ्यांनी आळीपाळीने जागल करणे, एवढेच उपाय साधे आहेत. रोवणा केलेल्या बांधीत पऱ्हे जून झालेले असतात. तिथे मोड खाण्याचा प्रश्न येत नाही.

विषाच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. धानात कीटकनाशक कालवून टाकले तर अडई मरते, आणि तिच्यासोबत कोंबडी, कुत्रे, घार आणि ते पाखरू शिजवून खाणारे घरसुद्धा धोक्यात येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पाखराची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्याची अंडी वा घरटे मोडणे हेही कायद्याच्या लेखी शिकारच आहे. दयाळाला पिंजऱ्यात ठेवणेही त्याच कायद्यात बसत नाही.

दयाळाचा उपयोग किती? इथे आम्ही थोडे सावध बोलतो. तो नाकतोडे, अळ्या, मुंग्या, रातकिडे खातो, पण परसात, बागेत, पाळीवर. बांधीच्या मधोमध तो क्वचित उतरतो. खोडकिडा, तुडतुडा, गादमाशी यांच्यापासून धान वाचवणारा पक्षी म्हणून त्याचे नाव पुढे करणे म्हणजे भाबडेपणा होईल. बांधीतले उडते किडे टिपण्यात त्याचा भाऊबंद कोतवाल जास्त उपयोगाचा, आणि म्हणूनच कृषी खाते शेतात पक्षीथांबे लावायला सांगते. दयाळ वांग्या-वालाच्या वाडीत मदत करतो. बाकी तो गातो. त्याची किंमत ज्याची त्याने करावी.

बदक धानाचे शत्रूच, असेही नाही. जपानमध्ये ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ च्या सुमारास रोवणा झालेल्या धानात पाळीव बदकाची पिल्ले सोडायला सुरुवात केली. ती तण खातात, किडे खातात, पायाने चिखल ढवळतात आणि विष्ठेचे खत देतात. मात्र लोंबी बाहेर पडायच्या वेळी बदके बांधीतून काढून घ्यावी लागतात, नाहीतर तीच धान खातात. पाळीव बदकाचे जे आहे तेच जंगली अडईचे. रोवण्यापासून लोंबीपर्यंत ती तण, बिया, गोगलगाई खाते, आणि लोंबी भरल्यावर आपल्याला दिसते. आपण फक्त शेवटचे दिवस लक्षात ठेवतो. (अडई धरून पाळायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडावा. ती वन्य पक्षी आहे, कायदा तिलाही लागू आहे.)

मे महिन्यात एक घर जाते, जुलैत दुसरे

दोन पाखरांची ही तुलना इतका वेळ का केली, ते आता सांगतो. दोघांनाही समान लागणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे जुन्या झाडातली ढोली. दयाळाला लहान, अडईला मोठी. अडईबरोबर काणूक आणि नकटा ही बदकेही ढोलीतच अंडी घालतात. आणि अशी झाडे आता जंगलापेक्षा तलावांच्या पाळीवर सहज दिसतात. लागवडीच्या सागवानात सगळी झाडे एका वयाची, सरळसोट. ढोली होण्याआधीच ती तोडली जातात. आलापल्लीचे जुने 'वनवैभव' २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाले, तिथली झाडे सुरक्षित आहेत. पाळीवरच्या मोहाला असा फलक कोण लावणार?

ढोली काही वर्षांत होत नाही. आधी वादळात फांदी मोडते, जखमेतून पाणी आणि बुरशी आत जाते, गाभा कुजतो, सुतारपक्षी आणि तांबट पोखरतात, मग कुठे पोकळी तयार होते. बदक मावेल एवढ्या ढोलीला झाडाची कित्येक दशके जातात. म्हणून 'एक झाड तोडले तर दहा रोपे लावू' हा हिशेब इथे चालत नाही. दहा रोपांत ढोली एकही नसते.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. भंडारा-चंद्रपूरकडे मालगुजारी, इकडे अहेरीची जमीनदारी. पण तलाव आणि बोडी राखण्याची रीत सारखीच. त्यातले अनेक आज गाळाने भरले आहेत आणि त्यांची दुरुस्ती व्हायलाच पाहिजे. जलयुक्त शिवार (२०१४ नंतर) आणि 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' (२०१७ पासून) अशा योजनांतून कामे होतात, त्याला आमचा विरोध नाही. गाळ शेतात गेला तर शेतकऱ्याचाच फायदा.

गोची आहे ती वेळेची. तलाव कोरडा पडल्यावरच गाळ काढता येतो, म्हणून काम एप्रिल-मे महिन्यात. पोकलेन येते, आणि गाळाआधी पाळीवरची झाडे-झुडपे काढण्याची बाब उरकून घेतली जाते. नेमकी तेव्हा दयाळाची पिल्ले ढोलीत असतात, आणि झाडाबरोबर तीही जमिनीवर येतात. अडईचे तेव्हा काहीच बिघडलेले दिसत नाही. ती जुलैत येते, झाड शोधते आणि निघून जाते. तिचे नुकसान कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, त्याची पंचनाम्यात नोंद होत नाही.

आता अभियंत्यांची बाजू. ती खरी आहे, आणि पक्षीप्रेमी लोक ती लपवतात. मातीच्या पाळीवर मोठे झाड धोक्याचेच. मूळ मेले की त्या पोकळीतून पाणी पाझरू लागते. वादळात झाड उन्मळले तर पाळीचा लचका घेऊनच पडते. पाळ फुटली तर खालचा सगळा धान वाहून जाईल, तिथे दोन पाखरांसाठी हट्ट धरता येणार नाही. पण याच नियमाची दुसरी बाजू कामावर फार कमी वेळा पाळली जाते. झाड वरून कापले आणि बुंधा तसाच सोडला, तर मुळे आत कुजतात आणि तीच पुढे पाझराची वाट होते. बुंधा व जाड मुळे खणून काढून खड्डा थर देऊन दाबून भरला, तरच झाड काढण्याला अर्थ आहे. नुसते लाकूड उचलून नेले, तर ती पाळीची दुरुस्ती नाही, लाकडाची विक्री झाली.

मग करायचे काय? झाड पाळीच्या उंच भागात, पाणी अडते तिथे उभे असेल आणि पाळीला खरोखर धोका असेल, तर काढावे; पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा दयाळ आणि अडई दोघेही घरट्यात नसतात, आणि झाड काढायला तलाव कोरडा असावाच लागतो असे नाही. गाळाचे काम नंतर उन्हाळ्यात होऊ द्या. पाळीच्या टोकाला, बुडीत क्षेत्राच्या कडेला किंवा पाण्यातच वाळून उभे असलेले झाड पाळीला काहीच करत नाही. ते अंदाजपत्रकात येतेच कसे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा. गाळ काढतानाही सगळ्या बाजूंनी विहिरीसारखे उभे काठ न करता, पाणी ज्या बाजूने तलावात येते ती बाजू उताराची आणि उथळ ठेवावी. गुरांनाही पाणी पिता येते, बदकाच्या पिल्लालाही चढता येते. बेशरम मुळासकट काढा, पण देवधान आणि कमळ राहू द्या. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या तलावात ढीवर समाजाच्या लोकांनी बेशरम काढून देशी पाणवनस्पती हाताने लावल्या आहेत. वाटल्यास जाऊन पाहून यावे.

अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतीकडे देण्याची तरतूद त्यातच आहे. म्हणजे कोणते झाड राहील, कोणते जाईल, हे कंत्राटदाराच्या मुकादमाने ठरवायचे काम नाही. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. आम्ही पाहिलेल्या एका नोंदवहीत 'बदक – आहे' एवढेच लिहिले होते. त्याच जागी 'मोठ्या तलावाच्या पाळीवर मोह, ढोली एक, अडई बसते; वर दयाळ' असे लिहिले असते, आणि सोबत गावचे नाव, तर अंदाजपत्रक करणाऱ्याच्या हातात दाखवायला काहीतरी राहिले असते.

झाड गेलेच, तर लाकडी पेटी हा तात्पुरता मार्ग आहे. अमेरिकेत ढोलीत राहणारे एक देखणे बदक शिकारीने आणि झाडतोडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार कमी झाले होते. तिथे शिकार थांबवली गेली, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी पाण्याकाठी लाकडी पेट्या बसवायला सुरुवात झाली. आज ते बदक तिथे भरपूर आहे. दयाळ तर मडक्यातसुद्धा येतो. पण पेटीला दर वर्षी दुरुस्ती लागते, आणि पेटी लावणारी माणसे बदली होऊन जातात. मोह बदली होऊन जात नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा त्या गावाला गेलो. तलावाचे काम यंदा झाले नव्हते. निधी आला नाही, असे पंचायतीत कळले. मोह उभा होता. काका बांधीत निंदण काढत होते. हात धुऊन वर आले आणि आम्ही काही विचारायच्या आधीच बोलू लागले.

"अडईची पिल्लं उतरली ना जी परवा. मी पाह्यलो. सकाळचीच वेळ. एकेक टपटप खाली. दहा होते."

"धान खातील ना मोठी होऊन," आम्ही म्हणालो.

"खातीनच," काका म्हणाले. मग पाण्याकडे पाहत बोटे मोडत हिशेब केला. "दुसऱ्या दिवशी आठ होते. आज सात दिसले. सापानं नेले का घारीनं, का मालूम."